घरातील प्रौढ व्यक्तीवर तामील

माझ्या पत्नीच्या आजाराचे नाव तिला सोडून सतरा माणसांना ठाऊक होते. हा आकडा मी नंतर एकेक माणूस कागदावर मांडून काढला. डॉक्टर आणि त्यांचे दोन सहायक, परिचारिका, औषधाच्या दुकानातला माणूस, पुण्यातला आमचा मुलगा, सूनबाई, सूनबाईंच्या आई, त्या आईंच्या भिशीतल्या बायका आणि मी. ज्या बाईच्या हाडांमध्ये तो आजार वस्तीला आला होता, ती एकटीच त्याविषयी अनभिज्ञ होती, आणि यात काही वावगे आहे असे आम्हा सतरा जणांपैकी एकालाही वाटले नाही.

मी जिल्हा न्यायालयात बेलिफ म्हणून लागलो आणि अधीक्षक होऊन निवृत्त झालो. समन्स बजावण्याला आमच्याकडे तामील म्हणतात. निजामाच्या दप्तरातून आलेला हा शब्द मराठवाड्याच्या कोर्टांत अजून टिकून आहे आणि तो टिकावा असेच मला वाटते. ज्याच्याविरुद्ध निकाल लागायचा त्याला आधी कळले पाहिजे, एवढी एक सभ्यता कायद्याने पाळलेली आहे. तामील झाली नसेल तर पुढचा सगळा डोलारा कवडीमोल ठरतो. त्या एका गोष्टीसाठी मी उन्हात सायकल मारत गावोगाव हिंडलो, दारावर कुत्री सोडणाऱ्यांना समन्स दिले, आणि घरात दडून बसलेल्यांच्या दाराला ते पंचांसमक्ष डकवले. निवृत्तीनंतर मी पत्रे लिहितो. बँकेवरच्या इंग्रजी पाट्यांबद्दल, आठ आठ दिवस न येणाऱ्या पाण्याबद्दल, बसथांब्यावर उभ्या केलेल्या भाजीच्या गाड्यांबद्दल. मुलगा याला माझा छंद म्हणतो. लोकशाहीत प्रश्न विचारण्याला छंद म्हणणारी पिढी आपणच वाढवली, तेव्हा तक्रार कोणाकडे करावी?

पत्नीचे दुखणे पाठीपासून सुरू झाले. पाण्याची बादली उचलताना तिच्या कण्यात कळ आली ती गेलीच नाही. मग शेजारपाजारचे वैद्यक सुरू झाले. एकीने गव्हांकुर आणून दिले, एकाने पपईच्या पानांचा रस सांगितला, आणि वरच्या मजल्यावरच्या निवृत्त शिक्षकांनी कोणा गुणी माणसाकडे शहागंजात मंत्र टाकून कंबर उतरवून मिळते असे छातीठोकपणे सांगितले. विज्ञान शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता, हे येथे नमूद करतो. तिचे रक्त तपासले तेव्हा ते निम्म्यावर आले होते. कण्याचा एक मणका चेमटला होता. शेवटी कमरेच्या हाडातून मगज काढून तपासायला पाठवला आणि अहवाल आला.

त्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर आम्ही दोघे बसलो होतो. सहायकाने दार उघडले आणि तो म्हणाला, "काका, तुम्ही या आत. मावशी, तुम्ही बसा."

मी उठून आत गेलो. ती बसली. हे एवढेच घडले, आणि पुढचा सारा अनर्थ या एवढ्यातूनच घडला.

डॉक्टर रक्तविकारांचे तज्ज्ञ होते, वयाने माझ्या मुलाएवढे. त्यांनी आजाराचे नाव सांगितले: मल्टिपल मायलोमा. हा एक प्रकारचा कर्करोग आहे, म्हणाले, पण त्याची गाठ हाताला लागत नाही. हाडांच्या मगजात ज्या पेशी रोगाशी लढायला प्रथिने तयार करतात, त्यांतलीच एक पेशी बिघडते, स्वतःच्या प्रतिकृती काढत सुटते, आणि निरुपयोगी प्रथिनांचा ढीग तयार करते. नव्या रक्ताला जागा उरत नाही, हाडे पोखरली जातात, मूत्रपिंडे त्या ढिगाखाली दबतात. कामाचा एकही कागद न काढता फक्त आपली माणसे भरत जाणारे कार्यालय मी पाहिलेले असल्याने मला हे चटकन समजले.

"आणि औषध?" मी विचारले.

"आठवड्याला एक इंजेक्शन. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली. सोबत गोळ्या. काका, आपल्या शहरात कचरागाड्या बंद पडल्या की काय होतं?"

"ते मी आयुक्तांना चार वेळा लिहिलेलं आहे."

"तेच हे औषध त्या पेशीत करतं. पेशीतला टाकाऊ माल मोडून टाकणारी जी यंत्रणा असते, ती बंद पाडतं. ही बिघडलेली पेशी एवढा माल काढते की तिचा तिलाच तुंबारा होतो आणि ती मरते. चांगल्या पेशींनाही थोडा त्रास होतो, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. हातापायाला मुंग्या, बधिरपणा आला तर लगेच सांगायचं. नागीण उठू शकते, त्यासाठी वेगळी गोळी आहे, ती चुकवायची नाही." मग पेन बाजूला ठेवून त्यांनी विचारले, "मावशींना सांगायचं ना?"

प्रश्न पुरा होण्याआधी मी नाही म्हणालो.

त्या नकाराला मी लगोलग कायद्याचा आधार शोधला, कारण आधाराशिवाय मला चैन पडत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत तरतूद आहे: प्रतिवादी घरी नसेल आणि वाजवी वेळात सापडण्याची शक्यता नसेल, तर कुटुंबातील प्रौढ व्यक्तीच्या हाती समन्स द्यावे, ती तामील ग्राह्य धरली जाते. मी स्वतःला सांगितले की मी ती प्रौढ व्यक्ती आहे. समन्स मी घेतले आहे. तिच्या वतीने घेतले आहे. प्रतिवादी दाराबाहेर बाकावर आठ पावलांवर बसली होती, तिच्या हातात पाण्याची बाटली होती आणि ती दाराकडेच पाहत होती, हा तपशील मी सोयीस्करपणे अभिलेखावर येऊ दिला नाही. एखाद्या नवख्या बेलिफाने असा अहवाल माझ्या टेबलावर आणला असता, तर मी तो त्याच्या अंगावर फेकला असता.

बाहेर आल्यावर तिने विचारले, "काय म्हणले?"

"हाडं झिजली आहेत. रक्त कमी आहे. ताकदीची सुई द्यायची, दर आठवड्याला."

"इतकंच व्हय? मग एवढा येळ काय बोलत व्हते?"

"मी प्रश्न विचारत होतो."

हे तिला पटले. मी प्रश्न विचारतो हे जगजाहीर आहे.

घरी येऊन मी रुग्णालयाच्या व्यवस्थापनास पत्र लिहिले. विषय: रुग्णास आजाराच्या नावाची वाच्यता न करणेबाबत. रुग्ण महिला कोमल मनाची आहे, असे मी त्यात लिहिले. अंगणवाडीत तीस वर्षे दीडदीडशे मुले सांभाळलेल्या, ग्रामसेवकाला भर सभेत खाली बसवलेल्या बाईविषयी मी हे लिहिले. सबब तिच्यासमोर कोणीही कर्मचाऱ्याने कर्करोग, कॅन्सर अथवा समानार्थी शब्द उच्चारू नये. रुग्णालयाने त्यावर प्राप्त झाल्याचा शिक्का मारून मला स्थळप्रत दिली. पाटी मराठीत लावा म्हटले की कायदेशीर सल्ला घ्यावा लागतो, असे सांगणारी ही संस्था. एका सज्ञान स्त्रीपासून तिचेच शरीर लपवा, या अर्जाला मात्र तिने दोन मिनिटांत शिक्का मारला.

ज्या खोलीत ती इंजेक्शने देत, तेथे आठ खुर्च्या होत्या. नातेवाइकांना आत प्रवेश नव्हता, पण दाराला काच होती आणि बायकांचे बोलणे बाहेर ऐकू येई. मी अनेक आठवडे ते ऐकले आणि माझ्या लक्षात आले की आठ खुर्च्यांपैकी एकाही खुर्चीत कर्करोगाचा रुग्ण नव्हता. एकीच्या अंगात उष्णता होती. एकीचे रक्त घट्ट होते. एका वृद्ध गृहस्थांना पाण्यातून काहीतरी झाले होते. सोयगावकडची एक बाई येत असे, वाळलेल्या काटकीसारखी, तिच्या हाडात "भरणी" चालू होती. वाळूजच्या कारखान्यात पाळीवर जाणारा तिचा भाऊ तिला आणून बसवी आणि बाहेरच्या भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपे. आणि माझी पत्नी ताकदीची सुई घेत होती. एवढी महागामोलाची यंत्रे, एवढे शिकलेले डॉक्टर, आणि आजाराचे खरे नाव मात्र कर्मचाऱ्यांनी तोंडाला पट्टी लावून एकमेकांच्या कानात सांगायचे. पूर्वी देवीच्या साथीत आजाराचे नाव घेतले तर देवी कोपते अशी समजूत होती. तिला आपण अडाणीपणा म्हणत आलो. आता त्याच अडाणीपणाला वातानुकूलित खोली मिळाली आहे.

औषधाचा गुण आला. तिची पाठदुखी उतरली. रक्त वाढले. दोन महिन्यांत ती जिना चढून गच्चीवर वाळवण घालू लागली, आणि पौर्णिमेला विहारात जाऊन खीर वाटण्याच्या रांगेत उभी राहू लागली. पाय जड वाटतात, तळव्याला मुंग्या येतात, असे ती कोमट तेल चोळताना कधी बोलली असेल. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मुंग्या आल्यास लगेच सांगावे, ही सूचना मला दिलेली होती. जिचे तळवे होते तिला कोणीही ती दिलेली नव्हती.

आमची पद्धत ठरलेली होती. औषधाची बाटली मी खालच्या दुकानातून घेऊन तिच्या कापडी पिशवीत ठेवायचो. ती पिशवी घेऊन आत जायची. मी तोवर नोंदणीच्या खिडकीवर असायचो, कारण तिच्या कागदांवर वय सहा वर्षांनी कमी पडले होते आणि ते दुरुस्त करायला त्यांना कोणाची तरी सही लागत होती, जी कोणीच करत नव्हते. ती बाहेर आली की मी विचारायचो, "झाली सुई?" ती म्हणायची, "झाली."

महिनाअखेरीस मी रुग्णालयाकडून उपचारांचा तक्ता मागून घेतला आणि माझ्या वहीशी ताडून पाहिला. माझ्या वहीत पाच नोंदी होत्या. त्यांच्या तक्त्यात तीन. शेवटच्या दोन आठवड्यांच्या चौकटीत नुसत्या आडव्या रेघा.

मी तीन पायऱ्यांत निष्कर्षावर पोहोचलो. बाटल्या मी दिल्या, हे सिद्ध. सुई टोचली, असे पत्नी सांगते. नोंद नाही. अर्थात परिचारिकेने औषध काढून घेतले आणि पत्नीला नुसते पाणी टोचले. पाच पानांचे पत्र झाले. प्रती पोलीस आयुक्त, औषध प्रशासन आणि जिल्हाधिकारी यांना. त्या परिचारिकेला मी "सदर इसम" म्हटले. आजवर लिहिलेल्या पत्रांत हे सर्वांत निर्दोष बांधलेले पत्र होते. त्यात एकही शब्द इकडचा तिकडे करण्याजोगा नव्हता आणि एकही शब्द खरा नव्हता.

उत्तर आठवड्याच्या आत आले. अर्ध्या पानाचे. सोबत दोन परिशिष्टे.

परिशिष्ट अ हे माझेच पत्र होते: आजाराच्या नावाची वाच्यता न करणेबाबत. परिशिष्ट ब म्हणजे रुग्णालयाच्या छापील संमती-नमुन्याच्या दोन छायाप्रती. नमुना अर्थातच इंग्रजीत. मात्र खालच्या मोकळ्या जागेत अंगणवाडीच्या फळ्यावर शोभावे अशा टपोऱ्या, गोल, रेघेला चिकटलेल्या अक्षरांत, दोन्ही प्रतींवर तेच वाक्य लिहिलेले होते.

"मला आता ताकद आली आहे. आज सुई नको."

खाली सही. ती बनावट आहे असे म्हणायची सोय नव्हती. लग्नानंतर मीच तिला शिधापत्रिकेच्या अर्जावर सही करायला बसवले होते, तेव्हापासून ती "र"ची शेपटी तशीच ओढते.

मी रुग्णालयात गेलो. परिचारिका औषधांच्या कपाटाची किल्ली कमरेला खोचून उभी होती. मी काही म्हणायच्या आत तीच म्हणाली, "या काका. सदर इसम इथंच हाय."

"तुम्ही तिला नकार देऊ कसा दिलात? मला का सांगितलं नाही?"

"आले होते सांगायला. दोन्ही वेळेस. तुम्ही खिडकीवर भांडत होता. मला काय म्हणलात, आठवतं का? 'बाई, मध्ये बोलू नका, मी कलम वाचतोय.'"

मला ते आठवले.

"मग डॉक्टरांना सांगायचं."

"सांगितलं की. ते म्हणले, समजावून बघा. आता तुम्हीच सांगा, काय समजावू? 'मावशी, सुई चुकवू नका,' म्हणलं. त्या म्हणल्या, 'ताकदीचीच हाय ना? मला आली ताकद. उगं कशाला वाया घालायची.' आता ही ताकदीची नाही म्हणायचं, तर मग कशाची, ते सांगावं लागतं. अन् ते सांगायचं नाही असं तुमचं पत्र फाइलला सगळ्यात वरती टाचून ठेवलंय. शिक्क्यासकट."

"अशी पत्रं स्वीकारता कशाला तुम्ही?" मी ओरडलो.

"लिहिता कशाला तुम्ही?" ती ओरडली नाही.

निघताना तिने एवढेच सांगितले की दोन्ही आठवड्यांची बाटली तिच्यापर्यंत आलेलीच नव्हती. ती मावशींच्या पिशवीतच होती. आणि काका, उद्याच्या उद्या या, हा आजार आठवडे मोजतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

घरी आलो तेव्हा पत्नी स्वयंपाकघराच्या दारात बसून अंबाडी निवडत होती. दुपारचे तीन वाजले असतील. मी उभ्यानेच विचारले, "पिशवीतल्या बाटल्या कुठं आहेत?"

तिने मान वर केली नाही. "त्या सोयगावच्या बाईला दिल्या."

"दिल्या? कशा दिल्या?"

"हातानं दिल्या. तिची सुई योजनेतनं येणार व्हती, ती येईचना. दोन खेपा झाल्या, एश्टीनं हाडं खिळखिळी करत यायचं अन् हात हलवत जायचं. तिच्या कागदावर तेच नाव, माझ्या बाटलीवर तेच नाव, मी अक्षर लावून बघितलं. म्हणलं, बाई, तुझ्या अंगात भाकर वळायची ताकद नाय, अन् मी जिनं चढते. घे. तिच्या भावानं नेऊन दिल्या शिष्टरीणबाईला, आमच्याच म्हणून."

"आणि मला 'झाली' म्हणून सांगितलंस?"

"तुम्ही इचारलं, झाली सुई? झालीच की. तिला झाली."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. बसताना गुडघे वाजले. खिशातून अहवाल काढला आणि आयुष्यात शेकडो वेळा केलेले काम प्रथमच घाबरत केले. ती ताकदीची सुई नव्हती, हे सांगितले. कशाची होती, तेही सांगितले. पायाच्या मुंग्या त्या सुईनेच येतात आणि परिचारिकेला चोर ठरवून मी पत्र धाडले होते, हेही सांगितले.

तिने अंबाडीची जुडी बाजूला ठेवली. हात पदराला पुसले. "वाचा."

मी वाचले. इंग्रजी वाक्य, मग त्याचे मराठी. ती मध्येच थांबवून विचारी, "ह्यात कॅन्सर कुठं लिवलंय?" मी म्हणालो, तो शब्द नाही, पण या नावाचा अर्थ तोच. तिने कागद हातात घेतला, त्या नावाची अक्षरे एकेक करून लावली आणि कागद परत दिला.

"कधीपासून म्हाईत हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हंजे मी भायेर बसले व्हते तवा."

"हो."

मला वाटले ती रडेल. कोमल मनाच्या रुग्ण महिलेने रडावे अशी माझी लेखी अपेक्षा होती.

"मी काय नाबालिग हाय व्हय?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. अंगणवाडीत एखाद्या दांडग्या पालकाशी बोलताना लागे तसा तो खालच्या पट्टीत आला होता. "जलमभर जगाच्या दारात जाऊन नोटिसा वाटल्या. ज्यानं नाय घेतली त्याच्या दाराला चिकटवून आलात. अन् माझी माझ्या हातात द्यायची तर खिशात घातली?"

"तुला त्रास होईल म्हणून."

"पाय कुणाचे बधिर झालेत? तुमचे? तीन महिने मी तेल चोळती. कडक पाण्यात पाय घातला तर चटका बसल्याचं कळंना, तवा म्हणलं म्हातारपण असंल. सुईनं व्हतंय म्हणून कुणी सांगितलं?" मग म्हणाली, "विहारात दर पुनवेला पुढं बसता. दुःख हाय, हे पहिलं. मोठ्यानं म्हणता, माइक असल्यावर तर जास्तच. अन् घरी आलं की दुःखाला ताकदीची सुई म्हणता व्हय?"

ज्या घराण्याने अज्ञानात ठेवले जाण्याच्या विरोधात धर्म बदलला, त्या घरातल्या मी माझ्याच बायकोला अज्ञानात ठेवले, आणि वर त्याची पोच घेतली. लोक मला विचारतात की तुम्ही एवढे चिडता कशावर. तेव्हा मी पाण्याचे, पाट्यांचे सांगतो.

"आता सुई घेशील ना?" मी विचारले. बाकी सारे, पत्रे, परिशिष्टे, माझी अब्रू, त्या एका प्रश्नापुढे पालापाचोळा होते.

"ते मी ठरवीन. आधी डाक्टरला इचारीन. मी जाईन आत. तुम्ही भायेर बसायचं."

"बरं."

"अन् त्या पोरीची माफी मागायची. चोर म्हणलात तिला."

"मागतो."

"लिवून."

मी त्याच संध्याकाळी दोन पत्रे लिहिली. पहिल्याने परिचारिकेची माफी मागून तिच्याविरुद्धची तक्रार बिनशर्त मागे घेतली आणि सर्व प्रतिवाल्यांना तसे कळवले. त्या तक्रारीतला परिच्छेद चार, म्हणजे संमतीचे नमुने मराठीत असावेत ही मागणी, तेवढी कायम ठेवली. जिने आपले कारण मराठीत लिहून दिले, तिच्यापुढे इंग्रजी नमुना ठेवणाऱ्यांना मी माफ केलेले नाही. दुसऱ्या पत्राने आजाराच्या नावाची वाच्यता न करण्याबाबतचा माझा अर्ज रद्द करण्याची विनंती केली. अर्जदारास असा अर्ज करण्याचा मुळात अधिकारच नव्हता, असे कारण लिहिले. पत्नीने दोन्ही वाचून घेतली. "अर्जदार" या शब्दाजागी "मी" लिहायला लावले.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांच्या खोलीत गेली आणि सहायकाने तोंड उघडण्याआधीच तिने आतून दार लावून घेतले. मी बाकावर बसलो. पंचवीस मिनिटे. दाराबाहेर बसलेल्या माणसाला आतले आवाज ऐकू येतात, शब्द नाही. एकदा डॉक्टर हसले, एकदा बराच वेळ कोणीच बोलले नाही. त्या शांततेत काय चालले आहे हे विचारण्याचा मला कोणताही अधिकार नव्हता. वेळ कसा जातो कळत नाही म्हणतात, तसा तो गेला नाही.

ती बाहेर आली. "काय म्हणाले?" मी विचारले.

"पायाचं आधी का नाय सांगितलं म्हणले. सुई थोडी कमी करणार. दोन आठवडे चुकले, रक्त पुन्यांदा तपासायचं. पुरता जाणार नाय म्हणले आजार, पर दाबून ठेवता येतो. किती दिवस, ते बी सांगितलं, जेवढं त्यांना सांगता येतं तेवढं." ती जिन्याकडे वळली.

"किती दिवस?"

"ते मी इचारलं व्हतं. तुम्ही नाय."

आठ खुर्च्यांच्या खोलीत त्या दिवशी मला कोणी अडवले नाही. परिचारिकेने नमुना पुढे केला. पत्नीने तो मला वाचून दाखवायला लावला, ओळीओळीने, आणि मगच सही केली. सोयगावची बाई शेजारच्या खुर्चीत होती. तिची योजनेतली सुई अखेर आली होती. तिचा भाऊ दाराबाहेर भिंतीला टेकून झोपला होता.

"तुमची बी ताकदीचीच ना हो, माय?" ती बाई म्हणाली. "लई गुण हाय तिला. मला आता घास जातो."

परिचारिकेचा हात सिरिंजवर थांबला. तिने माझ्याकडे पाहिले. मी तिकडे पाहिलेच नाही.

"नाय," पत्नी म्हणाली. "मला कॅन्सर हाय. हाडाच्या मगजातला. मायलोमा म्हणत्यात. त्याची सुई हाय ही."

उष्णता असलेल्या बाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. पाण्यातून काहीतरी झालेले वृद्ध गृहस्थ छताकडे पाहू लागले.

सोयगावच्या बाईने आपल्या मांडीवरचा कागद उचलला. त्यावरचे अक्षर तिला लागत नव्हते, हे उघड होते. "मग माझ्यावर काय लिवलंय?"

"ते मी सांगणार नाय. मी माझं सांगितलं. तुझं तू डाक्टरला इचार. आत जाऊन इचार. कुणाला पाठवू नको."

परिचारिकेने पत्नीच्या पोटावर, मागच्या वेळची जागा सोडून, डाव्या बाजूला कातडी चिमटीत धरली आणि सावकाश सुई दिली. पत्नी ती आत जाताना पाहत होती. शेजारची बाई उठली, चप्पल पायात सरकवली आणि हातात कागद घेऊन दाराकडे चालू लागली. भाऊ जागा झाला. "अक्के, कुठं निघाली? थांब, मी बोलतो डाक्टरशी," तो म्हणाला. ती थांबली नाही.